पोरगं भारी आहे, पण…

कापसाची पहिली वेचणी घरात आली, धानाची मळणी आटोपली की विदर्भात कबड्डीचा हंगाम लागतो. आता बऱ्याच तालुक्यांत नुसत्या स्पर्धा होत नाहीत, लीग होतात. संघमालक असतात, संघाला मिळालेल्या ठरावीक पॉइंटवर लिलाव असतो, प्रत्येक संघात बारा खेळाडू. लिलावाच्या आधीच्या बैठकीत एक नाव असं निघतंच की सगळे एकदम बोलायला लागतात आणि मग एकदम गप्प होतात. चढाई अशी, की कॉर्नरवाल्याचा, म्हणजे टोकाला उभ्या पकडवाल्याचा, पाय हलायच्या आत पोरगं हात लावून मध्यरेषेवर. पण दारू पितो. पण केस आहे. पण मागच्या वर्षी सेमीफायनलला आलाच नाही.

बहुतेक संघ इथे दोनपैकी एक टोक गाठतात. ‘आपल्याला खेळाशी मतलब’ म्हणून डोळे मिटून बोली लावायची, नाहीतर ‘असलं पोरगं नकोच’ म्हणून नाव खोडायचं. दोन्हीत विचार करायचा त्रास वाचतो आणि दोन्हीत नुकसान होतं. ‘वागणूक’ म्हणून आपण जे एका पोत्यात भरतो त्यात पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी असतात. प्रत्येकीने संघाचा होणारा तोटा वेगळा, उपाय वेगळा. काहींसाठी बोली कमी करायची, काहींकडे अजिबात बघायचं नाही, आणि एखादी अशी की खेळाडू फुकट मिळाला तरी घ्यायचा नाही. हे वेगळं करणं हेच खरं काम.

या बाबतीत सगळ्यात जुना आणि उघडा हिशेब अमेरिकन फुटबॉलचा आहे. तो आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरच्याने अंगावर येऊन पाडायचं, असा खेळ. पकड आणि सुटका बघता तो कबड्डीच्या जवळ जातो. तिथल्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये १९३६ पासून दरवर्षी ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. आज ३२ संघ, सात फेऱ्या, आणि मागच्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाची पाळी सगळ्यात आधी. बोली नाही, पाळी. पहिल्या फेरीची पाळी फुकट गेली की तो संघ दोन-तीन वर्षं मागे पडतो. म्हणून तिथे खेळाडूचं शाळेपासूनचं सगळं खणून काढतात. तरीही चुकतात, आणि त्या चुका आपल्याला उपयोगी आहेत.

१९९८ चा ड्राफ्ट घ्या. रँडी मॉस म्हणून झेल घेणारा खेळाडू होता. शाळेतल्या मारामारीत शिक्षा झालेली, नंतर गांजा, त्यापायी दोन मोठी विद्यापीठं हातची गेलेली. त्याच्या आधी २० जण निवडले गेले, २१ व्या पाळीला मिनेसोटा व्हायकिंग्जने त्याला घेतलं. पहिल्याच हंगामात त्याने १७ टचडाउन (तिथला सगळ्यात मोठा गुण) झेलले, नवख्या खेळाडूचा तो विक्रम ठरला, आणि २०१८ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे त्या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत गेला. ‘बघा, खेळच बघावा’ असं सांगायला हे उदाहरण वापरतात, पण ते अर्धंच सांगतात. व्हायकिंग्जकडे त्याच जागेवर खेळणारा क्रिस कार्टर होता. कार्टरला त्याच्या आधीच्या संघाने १९९० मध्ये दारू आणि नशेपायी काढून टाकलं होतं आणि तो त्यातून सावरून उभा राहिला होता. म्हणजे मॉसच्या शेजारी रोज सरावाला उभं राहणारा माणूस तो सगळा रस्ता चालून आलेला होता. दुसऱ्या संघात मॉसचं काय झालं असतं, हे कोणी छातीठोकपणे सांगू नये.

त्याच ड्राफ्टमध्ये चेंडू फेकणारा रायन लीफ दुसऱ्या पाळीला गेला. मैदानात त्याची अडचण पोलीस-कचेरीची नव्हती. मेहनतीचा कंटाळा, तोंडावर ताबा नाही, हरल्यावर दुसऱ्यावर खापर. अख्ख्या कारकिर्दीत १४ टचडाउन पास, आणि ३६ वेळा चेंडू विरोधकाच्या हातात. कागदावर डाग असलेला तरला, आणि सरावाला टाळाटाळ करणारा बुडाला. आपल्या बैठकांत नेमकी उलटी भीती असते. केसची सगळ्यांना भीती वाटते, सरावाला न येण्याकडे ‘पोरगं आहे, खेळताना खेळतं’ म्हणून काणाडोळा होतो.

म्हणून सुरुवात हजेरीपासून करा. आपल्याकडे रेडर, म्हणजे चढाई करणारा, हातचा जायचं सगळ्यात मोठं कारण व्यसन नाही, गुन्हा नाही. तो त्या दिवशी गावातच नसतो. नोव्हेंबर-डिसेंबरात कापूस वेचायला मजूर मिळत नाही, घरचीच माणसं लागतात. तूर कापणीला येते. गडचिरोली, चंद्रपूरकडची पोरं जानेवारीनंतर मिरची तोडायला तेलंगणात जातात. हे सगळं बेजबाबदारपणाच्या खात्यात टाकू नका. ‘फायनलला आला नाही’ असं कळलं की तारीख विचारा, आणि त्या तारखेला त्याच्या शिवारात काय चालू होतं ते विचारा. कारण शेतीचं निघालं तर त्याचा उपाय पैशाने होतो: सामन्याच्या दिवशी त्याच्या वावरात दोन मजूर संघाने लावायचे. चांगल्या रेडरसाठी हा खर्च काहीच नाही. भरतीचंही तसंच. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराची मैदानी परीक्षा ५० गुणांची असते, १६०० मीटर २०, १०० मीटर १५, गोळाफेक १५. तिची तारीख सामन्याला आडवी आली तर तो येणार नाही, आणि त्याने येऊही नये. लिलावाआधी हे विचारून घ्यायला एक फोन पुरतो.

हजेरीचं दुसरं कारण मात्र खरंच वाईट असतं. दोन संघांकडून आगाऊ घ्यायचे आणि ऐनवेळी जास्त देणाऱ्याकडे उतरायचं. ही सवय एकदाची नसते. अशा खेळाडूने आधी कोणाकोणाकडून पैसे उचलले होते ते त्या संघांच्या कॅप्टनला विचारा, सांगायला कोणी लाजत नाही.

विचारायची पद्धतही नीट लागते. ‘भाऊ, पोरगं कसं आहे?’ या प्रश्नाला ‘चांगलं आहे, पण जरा…’ एवढंच उत्तर येतं आणि त्यातून काही कळत नाही. मोजता येईल असं विचारा. मागच्या हंगामात संघाचे सामने किती, हा उतरला किती? जे चुकले ते का? शेवटचं कार्ड कुठल्या सामन्यात, कशावरून? सरावाला सहाची वेळ असेल तर हा कितीला यायचा? बाहेरगावी मुक्काम असेल तेव्हा रात्री कुठे असायचा? निदान चार जणांना विचारा: आधीचा कॅप्टन, त्याचे सामने पाहिलेला एखादा पंच, शाळेचे क्रीडाशिक्षक, आणि त्याच्याच जागेवर खेळणारा त्याचा जुना जोडीदार. यातला एक तरी त्याच्या गावाबाहेरचा असावा. गावातली माहिती ग्रामपंचायतीच्या पॅनलमधून गाळून येते. ज्या वर्षी निवडणूक झाली त्या वर्षी तर कोणाचंच कोणाबद्दल खरं मानू नका. जुने गुणपत्रक मिळालं तर सोन्याहून पिवळं, त्यात चढाया, गुण, कार्डं सगळं लिहिलेलं असतं आणि त्याला कोणाशी भाऊबंदकी नसते.

आता केस. ‘त्याच्यावर केस आहे’ हे वाक्य ऐकल्यावर थांबा, कारण त्याचा अर्थ काहीही असू शकतो. आपल्याकडच्या निम्म्या भांडणांचं मूळ धुरा, म्हणजे शेताचा बांध, असतो. दोन घरांत धुऱ्यावरून वाजलं की फिर्यादीत एका बाजूचे सगळे भाऊ, पुतणे, कधी कधी त्या दिवशी नागपूरला असलेलाही, अशी नावं लिहिली जातात. समोरूनही तशीच उलट फिर्याद. त्यात एकोणीस वर्षांच्या पोराचं नाव आहे म्हणून तो मारकुटा ठरत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती. त्या काळात, त्या भागात बाटली सापडली म्हणून लागलेला गुन्हा आणि शेजारच्या जिल्ह्यातलं तेच पिणं, यात खेळाडू म्हणून फरक काय? एकाच्या नावावर कागद आहे, दुसऱ्याच्या नाही, इतकाच.

कागद बघायची सोय आहे, ती वापरा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा, न्यायालय, पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून प्रकरण शोधता येतं. फिर्यादी कोण, कलमं कुठली, निकाल लागला की तारखा चालू आहेत, एवढं दिसतं. एक काळजी घ्या: आपल्याकडे एकाच नाव-आडनावाचे तालुक्यात चार जण निघतात. वडिलांचं नाव आणि गाव जुळल्याशिवाय तो हाच असं म्हणू नका. आणि कागद बघून झाल्यावर खेळाडूला त्याची बाजू विचारा. पाच मिनिटं, बंद खोलीत, दोनच माणसांसमोर. अख्ख्या कमिटीसमोर उभं करून नाही.

विचारण्यालाही मर्यादा आहे. २०१० मध्ये डेझ ब्रायंट नावाच्या खेळाडूला ड्राफ्टआधीच्या मुलाखतीत एका संघाच्या व्यवस्थापकाने त्याच्या आईबद्दल घाणेरडा प्रश्न विचारला. ते बाहेर आलं, व्यवस्थापकाला माफी मागावी लागली. खेळाडूच्या घरची गरिबी, बापाचं पिणं, बहिणीचं लग्न मोडलं ते, हे तुमच्या संघाच्या कामाचं नाही. ‘घरात काही अडचण आहे का, ज्यात आम्ही उपयोगी पडू?’ एवढा एक प्रश्न पुरे आहे. सांगायचं ते तो सांगेल.

आणि एक गोष्ट ठासून सांगायची आहे. ‘बेड्यावरचा (पारध्यांच्या वस्तीतला) आहे, जपून’ हे वाक्य बैठकीत आलं तर ते तिथेच थांबवलं पाहिजे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे त्याखाली पारध्यांसारख्या अनेक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या विमुक्त झाल्या. कायद्याने पुसलेला शिक्का आपण कबड्डीच्या यादीत परत मारणार असू तर आपण खेळाडू निवडतच नाही. जात, वस्ती, बाप कोण, हे वागणुकीच्या खात्यात येतच नाही. त्या पोराने स्वतः काय केलं एवढंच येतं.

काय केलं, यात माझ्या मते एकच दरवाजा कायमचा बंद असावा: बाईवर, पोरीवर किंवा लहान मुलावर हात टाकलेला. तिथे गुणांचा हिशेब करूच नये. हे नुसतं नीतीचं बोलणं नाही. बाहेरचा खेळाडू स्पर्धेत आपल्याच गावात, कोणाच्या तरी घरी मुक्कामाला असतो. ज्या घरात त्याचं ताट वाढलं जातं त्या घरची जबाबदारी संघाने घेतलेली असते. खेळाच्या बाजूनेही उदाहरण आहे. त्याच अमेरिकन फुटबॉलमधल्या लॉरेन्स फिलिप्सने कॉलेजात असताना आधीच्या मैत्रिणीला मारहाण केली होती आणि ते सगळ्यांना माहीत होतं. १९९६ मध्ये रॅम्स संघाने तरीही त्याला सहाव्या पाळीला घेतलं, आणि त्याला जागा व्हावी म्हणून त्याच दिवशी आपला भरवशाचा जेरोम बेटिस दुसऱ्या संघाला देऊन टाकला. पुढच्याच हंगामात, १९९७ मध्ये, फिलिप्सला काढावं लागलं. हिंसेने त्याला शेवटी तुरुंगात नेलं. बेटिस पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. आपल्या लीगमध्येही हे दरवर्षी घडतं: नवीन भारी रेडरसाठी पॉइंट मोकळे करायला तीन वर्षं इमानदारीने खेळलेला कॉर्नर सोडून देतात. शंका असलेला खेळाडू घ्यायचा तर तो जास्तीचा म्हणून घ्यावा. त्याच्यासाठी पाया काढू नये.

नशेचं बोलताना आपण दारूवर अडतो आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, विसरतो, कारण तो बैठकीतल्या सगळ्यांच्याच तोंडात असतो. कबड्डीत खर्रा थेट खेळात आडवा येतो. तोंडात गोळी ठेवून चढाई करणारा ‘कबड्डी’चा उच्चार स्पष्ट करू शकत नाही, दम तुटतो, आणि पकडीत छातीवर दाब आला की सुपारी घशात अडकायची भीती. वर्षानुवर्षं खाणाऱ्याचं तोंड हळूहळू आखडतं. तपासायला सोपं आहे: स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघायला सांगा. दोनच जात असतील तर त्याला आधी दाताच्या डॉक्टरकडे पाठवा. ही तपासणी त्याला यादीतून काढायला नाही, त्याच्या जिवासाठी आहे. दारूचं विचारताना ‘पितो का’ यापेक्षा ‘केव्हा पितो’ हे महत्त्वाचं. पोळ्याला, लग्नात पिणारा वेगळा. सामन्याच्या आदल्या रात्री पिणारा वेगळा. दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हात त्याच्या पायात गोळे येणारच, अंगातलं पाणी गेलेलं असतं. आणि हरल्यावर पिऊन भांडणारा तिसरा, त्याला सांभाळायला दोन माणसं लागतात. ऑनलाइन जुगाराचं कर्ज ही नवी अडचण आहे. कर्ज असणं हा दोष नाही, पण सामन्यावर पैसे लावणाऱ्याकडूनच उचललेले असतील तर त्या खेळाडूला उतरवू नका. पकडीत पाय आत टाकायला अर्धा क्षण उशीर केला, तर तो मुद्दाम केला की चुकून, हे कोणत्याही पंचाला ओळखता येत नाही.

मैदानातला राग मोजता येतो. हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे त्या खेळाडूचा सामना संपला. एक चढाई ३० सेकंदांची, म्हणजे दोन मिनिटांत चार चढाया. तुमचा डावा कॉर्नर एवढा वेळ बाहेर असेल तर समोरच्या दोन चढाया त्याच्याशिवाय झेलायच्या. सहापेक्षा कमी पकडवाले उरले तर समोरच्याला बोनस मिळत नाही, पण तुम्ही लोणाच्या, म्हणजे अख्खा संघ बाद होण्याच्या जवळ जाता, आणि लोण म्हणजे समोरच्याला वरचे दोन गुण. पंचाशी वाद घालणारा कव्हर, म्हणजे कॉर्नरच्या आतला पकडवाला, घेताना हा हिशेब किमतीतून वजा करा. राग कशाने येतो तेही बघा. शिवीला भडकणारा असेल तर समोरचा संघ पहिल्या पाच मिनिटांत त्याला शिवीच देणार, हे धरून चाला.

आता किंमत. समजा संघाकडे १०,००० पॉइंट आहेत आणि आठही सामने खेळला तर हा रेडर ३,००० चा आहे असं सगळ्यांचं मत. चौकशीत दिसलं की तो साधारण पाच सामने उतरेल. ३,००० चे पाच अष्टमांश, १,८७५. उरलेल्या तीन सामन्यांसाठी बरा दुसरा रेडर ३०० ला पडेल, तो घ्यावाच लागेल. राहिले १,५७५. ही तुमची शेवटची बोली. पाच कुठले हेही पाहा: गटातले तीन चुकले तर चालतं, बाद फेरीतला एक चुकला तर सगळं गेलं. बाद फेरीच्या तारखा त्याच्या अडचणीच्या महिन्यात पडत असतील तर आणखी खाली या. हा आकडा आदल्या रात्री कागदावर लिहून एका माणसाकडे द्या आणि हॉलमध्ये बोलायचा अधिकार फक्त त्यालाच ठेवा. मंडपात माईकवर आकडा चढतो, समोर जुना वैरी संघ बसलेला असतो, आणि १,५७५ चे २,८०० कधी झाले कळत नाही.

लिलावाच्या दिवशी मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओचंही आधीच ठरवून ठेवा. २०१६ मध्ये लॅरेमी टन्सिल या फुटबॉल खेळाडूचा नशा करतानाचा जुना व्हिडिओ ड्राफ्ट सुरू व्हायच्या काही मिनिटं आधी त्याच्याच खात्यावरून बाहेर आला. त्या पळापळीत तो १३ व्या पाळीपर्यंत घसरला, मायामीने घेतला, आणि पुढे तो आपल्या जागेवरच्या नावाजलेल्या खेळाडूंमध्ये गणला गेला. ऐनवेळी आलेली गोष्ट खरी असू शकते, पण ती आत्ताच कोणी आणि का सोडली हे आधी विचारा. चौकशी नीट झाली असेल तर बहुतेक वेळा ती गोष्ट तुमच्या वहीत आधीच लिहिलेली असते.

घेतल्यानंतरचं काम लिलावापेक्षा मोठं आहे. पैसे तीन टप्प्यांत द्या: सुरुवातीला प्रवासापुरते, गटाचे सामने संपल्यावर चाळीस टक्के, बाकी शेवटच्या सामन्यानंतर. सगळे यूपीआयने, म्हणजे नोंद राहते. साध्या कागदावर चार ओळी लिहून दोघांच्या सह्या घ्या: किती सामने, किती पैसे, न सांगता गैरहजर राहिल्यास किती कापणार. हरल्याबद्दल किंवा वाईट खेळल्याबद्दल कापू नका, त्याने संघ फुटतो. अठराच्या खालचा असेल तर आई-वडिलांची सही. त्याच्या बाजूला बसायला, सोबत जेवायला, सकाळी उठवायला एक मोठा खेळाडू नेमा, ज्याचं तो ऐकतो असा. सरपंचाचा पुतण्या म्हणून नेमाल तर उपयोग नाही. संघात असा माणूसच नसेल तर तुमच्यासाठी त्या रेडरची किंमत खरोखर कमी आहे, दुसऱ्या संघासाठी नसेल.

नियम मोडला तर कोण बसवणार, हे स्पर्धेआधी एकाच माणसावर सोपवा. कॅप्टन, कोच आणि पैसे देणारा, तिघांनाही अधिकार असेल तर बाद फेरीच्या सकाळी तिघांची तीन मतं पडतात आणि पोरगं ज्याचं मत गोड त्याच्याकडे जातं. आणि तो ३०० पॉइंटचा दुसरा रेडर बाकावर वाळवू नका. गटातल्या सोप्या सामन्यांत पहिल्या अर्ध्यातच त्याला सहा-सात चढाया द्या, त्यातली एखादी दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी, म्हणजे गुण आणायचाच किंवा बाद व्हायचं अशी. बाद फेरीत अचानक उतरायची वेळ आली तर बोनसची रेषा किती पावलांवर आहे, आपला कॉर्नर कुठल्या बाजूने ओरडून सावध करतो, हे त्याच्या पायांना माहीत असायला हवं.